आशिया चषकाचं दार

२३ जानेवारी २०२२ च्या रविवारी संध्याकाळी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि चिनी तैपेई यांचा सामना ठरलेला होता. महिलांच्या आशिया चषकातला यजमानांचा हा दुसरा सामना. तो झालाच नाही. भारतीय संघात डझनभर खेळाडूंना करोनाची लागण झाली होती आणि आशियाई फुटबॉल महासंघाचा त्या वेळचा नियम स्पष्ट होता : किमान १३ खेळाडू उभे करा, नाहीतर सामना सोडा. २३ जणींच्या संघातून धडधाकट १३ जणी काही निघाल्या नाहीत.

नियमाचा पुढचा भाग त्याहून कडक होता. सामना सोडला म्हणजे स्पर्धाच सोडली, आणि स्पर्धा सोडली म्हणजे आधीचे सामनेही जमेस धरायचे नाहीत. तीन दिवस आधी, २० जानेवारीला, याच मैदानावर भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी केली होती. तीही खोडली गेली. गटाच्या तक्त्यात चीन, चिनी तैपेई आणि इराण अशी तीनच नावं उरली. यजमान स्वतःच्याच घरच्या पंगतीतून उठवले गेले, तेही पहिलाच घास घेतल्यावर.

हा प्रसंग दुर्दैवी होता, यात शंका नाही. त्यावर बरंच लिहिलंही गेलं : हॉटेलात संसर्ग कसा शिरला, चूक कोणाची, नियम इतका ताठर का. मला मात्र दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. भारत त्या स्पर्धेत आला कसा? उत्तर सोपं आहे. यजमान म्हणून. पात्रता फेरीचा एकही सामना न खेळता. त्याआधी भारतीय महिला संघ आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत शेवटचा खेळला होता २००३ मध्ये. म्हणजे १९ वर्षांनी दार उघडलं आणि ते आपल्या जोरावर उघडलेलं नव्हतं. आशिया चषकातल्या भारताच्या इतिहासाकडे पाहताना निकालांइतकंच हेही पाहावं लागतं, की दर वेळी आपण आत कसे शिरलो. निकालांचा अर्थ बऱ्याचदा तिथेच लागतो.

आधी थोडं पुरुषांच्या आशिया चषकाविषयी. जगातली सगळ्यात जुनी खंडीय फुटबॉल स्पर्धा दक्षिण अमेरिकेची. ती १९१६ मध्ये सुरू झाली, आज तिला कोपा अमेरिका म्हणतात. तिच्यामागोमाग युरोप असेल असं आपल्याला वाटतं, कारण युरोपातलं फुटबॉल आपण रात्र-रात्र जागून पाहतो. पण युरोपची स्पर्धा १९६० ची आणि आफ्रिकेची १९५७ ची. आशिया चषक त्या दोन्हींपेक्षा जुना आहे. आशियाई महासंघ १९५४ मध्ये मनिला इथे स्थापन झाला, त्याच्या संस्थापक सदस्यांत भारत होता, आणि १९५६ मध्ये हाँगकाँगला पहिला आशिया चषक झाला. चारच संघ होते. दक्षिण कोरिया जिंकला. भारत त्यात नव्हता, आणि हे जरा चमत्कारिकच आहे, कारण त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने चौथं स्थान मिळवलं होतं. संघ उत्तम होता. आशिया चषकाला त्या काळात आपल्याकडे फारशी किंमत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. ऑलिंपिक आणि आशियाई खेळ या दोन गोष्टींभोवती सगळं फिरत होतं.

१९६४ मध्ये ही स्पर्धा इस्रायलमध्ये होती आणि राजकारणामुळे आशियातल्या अनेक देशांनी तिकडे जायला नकार दिला. भारताच्या पात्रता गटातल्या बाकी संघांनी माघार घेतली, आणि चुनी गोस्वामींचा संघ एकही पात्रता सामना न खेळता थेट इस्रायलला पोहोचला. तिथेही चारच संघ. २७ मे रोजी भारताने दक्षिण कोरियाला २-० असं हरवलं. आधीचे दोन्ही चषक जिंकलेला तो संघ. अप्पलराजू आणि इंदरसिंग यांनी गोल केले. पंडित नेहरू गेले तो हाच दिवस, त्यामुळे इकडे त्या विजयाकडे कोणाचं लक्ष असणार! पुढे यजमान इस्रायलकडून भारत ०-२ असा हरला आणि हाँगकाँगला ३-१ असं हरवून उपविजेता ठरला. पुरुषांच्या आशिया चषकातली ही भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी.

या उपविजेतेपदाची महती सांगणारे बरेच भेटतात. ते खोटं नाही. कोरियाला हरवणं म्हणजे खायचं काम नव्हतं, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलेल्या पिढीतले खेळाडू त्या संघात होते. पण चार संघांच्या स्पर्धेत, प्रतिस्पर्ध्यांनी दार सोडून दिल्यावर आत जाऊन मिळवलेलं दुसरं स्थान हे आशियात दुसऱ्या क्रमांकाचं असणं नव्हे. पुढची वीस वर्षं त्याची साक्ष देतात. भारत पुन्हा या स्पर्धेत दिसला तो थेट १९८४ मध्ये.

१९८४ चं दार मात्र आपण स्वतः उघडलं. कोलकात्याला पात्रता गट झाला, त्यात दक्षिण कोरियाच्या पाठोपाठ भारत दुसरा आला आणि सिंगापूरच्या मुख्य स्पर्धेत गेला. प्रशिक्षक होते युगोस्लाव्हियाचे मिलोव्हान चिरिच. भारतीय फुटबॉलमध्ये गोव्याचा दबदबा वाढला तो याच काळात, आणि ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे त्या दशकातलं गोलरक्षणातलं मोठं नाव. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ मध्ये, बऱ्याच उशिराने. सिंगापूरमध्ये भारताने एकही गोल केला नाही. तीन सामने गमावले आणि इराणला मात्र ०-० असं रोखलं. कागदावर ही कामगिरी १९६४ पेक्षा कितीतरी खालची दिसते. माझ्या मते ती तेवढी खालची नव्हती. त्या वेळी दहा संघ होते, आणि आपण तिथे पोहोचलो होतो ते कोणाच्या माघारीने नव्हे.

त्यानंतर २७ वर्षांचा खंड. २०११ मध्ये दोहाला आपण गेलो ते बाजूच्या दाराने. आशियाई महासंघाने दुबळ्या फुटबॉल देशांसाठी चॅलेंज कप नावाची वेगळी स्पर्धा काढली होती, आणि तिच्या विजेत्याला थेट आशिया चषकात जागा. २००८ ची चॅलेंज कप स्पर्धा भारतात हैदराबादला भरली. पावसाने मैदानाचा चिखल झाला म्हणून अंतिम सामना दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर हलवावा लागला. तिथे १३ ऑगस्टला भारताने ताजिकिस्तानला ४-१ असं हरवलं. सुनील छेत्रीच्या त्यात तीन गोल. दोहाला मुंबईचा स्टीव्हन डायस होता, गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स आणि महेश गवळी होते. ऑस्ट्रेलियाने ४-०, बहारीनने ५-२ आणि दक्षिण कोरियाने ४-१ असं हरवलं. तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले, आणि गोलकीपर सुब्रत पालने वाचवलेले त्याहून जास्त होते. बाजूच्या दाराने आत जाता येतं, पण आत गेल्यावर खेळायचं असतं पुढच्या दाराने आलेल्यांशीच.

२०१९ मध्ये स्पर्धा २४ संघांची झाली आणि भारत पात्रता फेऱ्या खेळून अबू धाबीला गेला. ६ जानेवारीला थायलंडला ४-१ असं हरवलं. १९६४ नंतर या स्पर्धेतला आपला तो पहिला विजय. पुढे यजमान अमिरातींकडून हार झाली, आणि शेवटच्या सामन्यात बहारीनशी बरोबरी साधली असती तर बाद फेरीची आशा होती. नव्वद मिनिटं ०-० राहिलं. भरपाई वेळेत पेनल्टी गेली आणि सगळं संपलं. मी हा सामना भारताच्या आशिया चषकातला सगळ्यात महत्त्वाचा मानतो, हरलेला असूनही. एवढ्या जवळ आपण ना आधी गेलो होतो, ना नंतर. २०२३ चा म्हणून ओळखला जाणारा चषक प्रत्यक्षात जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारला झाला. मुंबईचा राहुल भेके त्या संघात बचावफळीत होता. तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही.

आणि मग १४ ऑक्टोबर २०२५. गोव्यातलं मडगाव, फातोर्डाचं मैदान. २०२७ च्या सौदी अरेबियातल्या आशिया चषकाची पात्रता फेरी, समोर सिंगापूर. प्रशिक्षकाच्या जागी मुंबईच्या मैदानांवर घडलेला खालिद जमील. लालियानझुआला छांगटेने १४ व्या मिनिटाला गोल करून आघाडी दिली. सिंगापूरच्या सॉंग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर एक असे दोन गोल केले. भारत १-२ हरला आणि पात्रतेच्या शर्यतीतून बाहेर पडला. गटात बाकी कोण होते? हाँगकाँग आणि बांगलादेश. या चौघांतून पहिल्या आलेल्या एकालाच जागा होती. २०२७ च्या यजमानपदासाठी भारतानेही अर्ज केला होता, डिसेंबर २०२२ मध्ये तो मागे घेतला. घेतला नसता आणि मिळालं असतं, तर फातोर्डाची गरजच पडली नसती, असं कोणी म्हणेल. म्हणून तर नेरुळची गोष्ट आधी सांगितली.

आता पुन्हा २०२२ कडे, कारण ती स्पर्धा भारत बाहेर पडल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू झाली आणि ती आपल्याच राज्यात झाली. मुंबई, नवी मुंबई, पुणे. सुरुवातीच्या आखणीत अहमदाबाद आणि भुवनेश्वर होते, पण करोनामुळे प्रवास कमी करायचा म्हणून सगळे सामने महाराष्ट्रात आणले. अंधेरीचं क्रीडासंकुल, नेरुळचं डी. वाय. पाटील आणि बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल. पहिल्या सामन्याला गॅलऱ्या रिकाम्याच होत्या. त्यामुळे नेरुळमध्ये राहणाऱ्यालाही तो टीव्हीवरच पाहावा लागला आणि यवतमाळमध्ये राहणाऱ्यालाही. एरवी सहाशे किलोमीटरवरच्या आम्हा लोकांना अशी बरोबरी क्वचितच मिळते.

अंधेरीला २१ जानेवारीला ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० असं धुतलं. सॅम करने पाच गोल केले आणि टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मागे टाकून ती ऑस्ट्रेलियाची, पुरुष आणि महिला मिळून, सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली. हे घडलं अंधेरीत! त्याच ऑस्ट्रेलियाला ३० जानेवारीला बालेवाडीत दक्षिण कोरियाच्या जी सो-यनने शेवटच्या मिनिटांत एका लांब फटक्याने घरी पाठवलं.

पण मला बालेवाडीतला त्याच दिवसाचा दुसरा सामना जास्त मोलाचा वाटतो. फिलिपाइन्स विरुद्ध चिनी तैपेई, उपांत्यपूर्व फेरी. सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टी शूटआउट झालं. फिलिपाइन्सची गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने दोन फटके अडवले आणि एक फटका स्वतः मारून गोलही केला. शेवटचा, निर्णायक फटका सरीना बोल्डनचा. फिलिपाइन्स उपांत्य फेरीत गेला आणि या स्पर्धेच्या नियमानुसार उपांत्य फेरी म्हणजे २०२३ च्या विश्वचषकाचं तिकीट. महिला असो वा पुरुष, फुटबॉल विश्वचषकाची पात्रता त्या देशाने पहिल्यांदाच मिळवली आणि ती पुण्यात. पुढच्या वर्षी विश्वचषकात याच बोल्डनने सहयजमान न्यूझीलंडविरुद्ध एकमेव गोल करून देशाला पहिला विजय मिळवून दिला. पुण्याच्या बालेवाडीला या गोष्टीचा एखादा फलक लावायला हरकत नाही.

आशियातल्या महिला फुटबॉलमध्ये ही खंडीय स्पर्धा विश्वचषकाच्या जिन्याची शेवटची पायरी असते, हे इथे नीट दिसतं. बारा संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या आलेल्यांतले दोन चांगले, असे आठ संघ पुढे. उपांत्य फेरीतल्या चौघांना थेट जागा. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांपैकी ऑस्ट्रेलिया २०२३ चा सहयजमान होताच. उरलेल्या तिघांत आणखी सामने झाले आणि त्यातून व्हिएतनाम पहिल्यांदा विश्वचषकाला गेला. म्हणजे भारताने तैपेईला हरवलं असतं तर उपांत्यपूर्व फेरी आवाक्यात होती, आणि तिथून विश्वचषक फार दूर नव्हता. २३ जानेवारीला नेमकं काय हुकलं, ते या हिशेबातून कळतं.

६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात कोरिया मध्यंतराला २-० असा पुढे होता. ६८ व्या मिनिटाला चीनच्या तांग जियालीने पेनल्टीवर गोल केला, चारच मिनिटांत झांग लिनयानने बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेत शियाओ युयीने तिसरा. ३-२. चीनचं हे नववं विजेतेपद. त्यांची प्रशिक्षक श्वे चिंगश्या १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या संघातली खेळाडू. खेळाडू संपला की माणूस संपत नाही, तो व्यवस्थेत परत येतो, हे चीनने केलं. आपल्याकडे १९८० च्या जानेवारीत कालिकतला झालेल्या याच स्पर्धेत भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या होत्या. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेत्या. त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

२०२२ च्या भारतीय संघातल्या २३ जणींत मणिपूर, तमिळनाडू, हरियाणा, झारखंड, ओडिशा इथल्या मुली होत्या. महाराष्ट्राची एकही नव्हती. स्पर्धा आपल्या राज्यात, मैदानं आपली, आणि संघात आपल्या राज्याची कोणी नाही. याची खंत मला करोनाच्या दुर्दैवापेक्षा जास्त वाटते.

आता यवतमाळचा प्रश्न. एखाद्या मुलीला वणीहून किंवा पुसदहून आशिया चषकापर्यंत जायचं असेल तर वाट कोणती? क्रिकेटमध्ये आपण विदर्भाचे. विदर्भ क्रिकेट संघटना वेगळी, संघ वेगळा, आणि त्याने रणजी करंडक तीनदा जिंकलाही. फुटबॉलमध्ये विदर्भाचा वेगळा संघ नाही. इथला खेळाडू मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली येतो आणि महाराष्ट्राच्या संघात जागा मिळवायला त्याला कोल्हापूर, पुणे, मुंबई यांच्याशी झगडावं लागतं. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमवर भरगच्च गर्दीत होतात. त्या गर्दीतूनच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला. आपल्याकडे जवळ आहे ते नागपूर, जिथे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं. 'झुंड'मुळे ते नाव घरोघरी गेलं. तो चित्रपट आला मार्च २०२२ मध्ये, नेरुळच्या अंतिम सामन्याला महिनाही झाला नव्हता. चित्रपटाची चर्चा यवतमाळच्या चहाच्या टपरीवरही झाली. आशिया चषकाची कुठे झाली असेल तर मला ठाऊक नाही.

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला, शाळांना चेंडू मिळाले. एक दिवस म्हणून तो छानच होता. पण फुटबॉलपटू घडतो तो दर आठवड्याच्या सामन्यांतून. ती सवय शाळांना नाही. अलीकडे १३ वर्षांखालच्या मुला-मुलींमधून गुणी खेळाडू हेरून त्यांना काही वर्षं शिष्यवृत्ती देण्याची 'महादेवा' ही योजना आली आहे. तिचा निकाल दिसायला दहा वर्षं लागतील, आणि तेवढं थांबायची तयारी असेल तरच तिचा उपयोग.

कमावलेलं दार उघडतं हे मात्र ५ जुलै २०२५ ला दिसलं. चियांग माईला भारतीय महिलांनी यजमान थायलंडला २-१ असं हरवलं, संगीता बासफोरने दोन्ही गोल केले आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या आशिया चषकात भारताने पात्रता स्पर्धा खेळून पहिल्यांदा जागा मिळवली. यजमानपद नाही, कोणाची माघार नाही. पुरुषांच्या १९६४ च्या उपविजेतेपदापेक्षा मी या एका विजयाला वरचं स्थान देतो.

या जिन्याची यवतमाळमधली पहिली पायरी आहे सुब्रतो मुखर्जी चषकाची शालेय स्पर्धा. जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. पंधरा आणि सतरा वर्षांखालचे मुलगे, सतरा वर्षांखालच्या मुली. तुमच्या शाळेचा संघ उतरतो का, मुलींचा उतरतो का, एवढी चौकशी या वर्षी करा, आणि जिल्ह्याचे सामने असतील तेव्हा मैदानावर जा. तिकीट लागत नाही.